दहा पाकळ्यांची जास्वंद: दोन शाळांच्या पत्रमैत्रीचं एक प्रकरण

गावं, शाळा आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत. मुलांची नावं दिलेली नाहीत. उपक्रमात प्रत्येक जोडीला क्रमांक होता, इथेही तोच वापरते.

सुरुवात कुठून झाली

शाळा सुरू होऊन दहा-बारा दिवस झाले असतील. मधल्या सुट्टीत सहावीतल्या एका मुलीचे बाबा शाळेत आले. भर पावसात छत्री न घेता. हातातला मोबाईल माझ्यापुढे धरून म्हणाले, "बाई, ह्या काय ता जरा ऐका."

आवाज पुरुषाचा होता. स्वतःला 'पत्रमित्र दादा' म्हणवणारा तो माणूस मुलीचं नाव घेऊन बोलत होता. पत्र पाठवण्याआधी तिचा शाळेच्या गणवेशातला फोटो हवा होता त्याला. आवाज अगदी गोड होता, त्याचीच भीती वाटली.

त्याला नंबर मिळाला कुठून, हे शोधायला फार लांब जावं लागलं नाही. मे महिन्यात एका शिक्षकांच्या ग्रुपवर 'तुमच्या मुलाला पत्रमित्र मिळवून द्या' असा संदेश फिरत होता. खाली फॉर्मची लिंक होती. नाव, जन्मतारीख, घरचा पत्ता, मोबाईल, फोटो असं सगळं त्यात मागितलं होतं. भरलेल्या माहितीचा तक्ता मात्र लिंक असेल त्या कोणालाही उघडत होता. फॉर्म मुलीच्या आईने भरला होता, आणि ती लिंक आमच्या पालकांच्या ग्रुपवर मी स्वतः टाकली होती, वर 'छान उपक्रम' असं लिहून. फॉर्म उघडूनही न बघता.

अडचण

आमची शाळा सिंधुदुर्गातली, जिल्हा परिषदेची, पहिली ते सातवी. पाचवी ते सातवीची मिळून चोवीस मुलं माझ्याकडे. मुख्याध्यापकांनी ऐकून घेतलं आणि दोन शब्दांत निकाल लावला, "बंद करा." त्यांचं चुकलं असं मला आजही वाटत नाही.

पण त्याच मुलीने दोन दिवसांनी विचारलं, "बाई, मग माका पत्रमैत्रीण गावाची (मिळायची) नाय?" तिच्या लेखी तिचा काहीच गुन्हा नव्हता, आणि शिक्षा मात्र तिलाच झाली होती.

दुसरं कारण वर्गातलं होतं. पत्रलेखन अभ्यासात असतंच. मुलं प्रति, विषय, महोदय लिहितात आणि मुख्याध्यापकांकडे तीन दिवसांची रजा मागतात. मुख्याध्यापक शेजारच्या खोलीत बसलेले असतात, रजा कोणाला नको असते, आणि त्या अर्जाला उत्तर कधीच येत नाही. उत्तर येणार नाही हे ठाऊक असलेलं पत्र कोण मन लावून लिहील?

कोणते पर्याय होते

पहिला म्हणजे सोडून देणं. तो कायम हाताशी होता.

दुसरा, मासिकांच्या जुन्या सदरांसारखं काहीतरी. माझ्या लहानपणी मुलांच्या मासिकांत नाव, वय, छंद आणि घरचा पूर्ण पत्ता छापून येई, आणि कोणाला त्यात वावगं वाटत नसे. मला स्वतःला तशी एक मैत्रीण मिळाली होती. पण घरचा पत्ता आणि मुलीचं वय शेजारी-शेजारी छापणं आज कोणत्याही पालकाला मी पटवून देऊ शकले नसते. त्या वेळी ते सुरक्षित होतं की फक्त आमचं नशीब चांगलं होतं, ते कोणी मोजलं नाही.

तिसरा पर्याय मुख्याध्यापकांनीच सुचवला. तालुक्याच्या गावी वृद्धाश्रम आहे, तिथल्या आजी-आजोबांना मुलांनी लिहावं. कल्पना गोड आहे. पण एकेका मुलाचा एकेका अनोळखी मोठ्या माणसाशी पत्रव्यवहार, हेच तर मला टाळायचं होतं. माणूस ऐंशीचा आहे म्हणून तो नियम सैल करावासा वाटला नाही. सगळ्या वर्गाने मिळून आश्रमाला एक पत्र लिहावं, इथपर्यंत आम्ही आलो. दिवाळीला ते लिहिलंही.

चौथा पर्याय म्हणजे ओळखीच्या शिक्षकाची शाळा. माझा डी.एड.चा एक वर्गमित्र बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरात शिकवतो. त्याच्या वर्गात सत्तावीस मुलं. त्याला फोन केला तर म्हणाला, "करू की. पण माझी पोरं दिवाळीनंतर टिकत नाहीत, एवढं ध्यानात ठेव."

मी ते ऐकलं आणि ध्यानात ठेवलं नाही. त्याची किंमत पुढे चुकवावी लागली.

काय ठरवलं

पालकसभा घेतली आणि झाला प्रकार झाकला नाही. लिंक मीच पाठवली होती, हेही सांगितलं. मग नियम वाचून दाखवले. पाकिटावर फक्त शाळेचा पत्ता. पत्रात पहिलं नाव आणि इयत्ता, आडनाव नाही. मोबाईल नंबर, फोटो, घर कुठल्या वाडीत, शाळेत कुठल्या रस्त्याने येतो, यातलं काही नाही. जोड्यांची यादी दोन वह्यांत, एक माझ्याकडे, एक त्याच्याकडे, आणि मोबाईलमध्ये तिचा फोटोही काढायचा नाही. ज्या पालकांची लेखी संमती नाही त्यांची मुलं वर्गाचं सामाईक पत्र लिहितील. मुलांना १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा, म्हणजे अडचणीतल्या मुलांसाठीचा मदतीचा नंबर पाठ करायला लावला. भिंतीवर तो आधीपासून रंगवलेला होता, पण मुलांना तो शाळेचाच फोन नंबर वाटत होता.

आणि प्रत्येक पत्र पाठवण्याआधी एक शिक्षक वाचेल. यावर सभेत चुळबुळ झाली. एक पालक म्हणाले, दुसऱ्याचं पत्र वाचणं बरोबर नव्हे, तुम्हीच तसं शिकवता ना? मागे बसलेल्या एका आजीने उत्तर दिलं, "आमच्या वेळाक मुंबयसून पत्र इला की वाचूक मास्तराकडेच जावचा लागायचा." आजी हसत होती. नवऱ्याने गिरणीतून लिहिलेलं सगळं गावच्या मास्तरांना आधी कळायचं, हे त्या हसण्यात होतं. सभा तिथे सैलावली.

मुलांना मात्र सरळ सांगितलं: पत्र मी वाचणार, चुका काढणार नाही, वाचलेलं वर्गात बोलणार नाही. फक्त कोणी तुम्हाला किंवा तुमच्या मित्राला त्रास देतंय असं दिसलं, तर मी गप्प बसणार नाही. एका मुलाने विचारलं, "मारामारी पण?" मी म्हटलं, मोठ्या माणसाने केलेली.

यात काय निसटलं ते पुढे कळलं. चुका काढणार नाही म्हणाले होते, तरी पहिल्या खेपेला हात राहवला नाही. लाल पेन नाही, पेन्सिलने ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले आणि 'पुन्हा सुवाच्य लिही' म्हटलं. चोवीस पत्रं गेली आणि चोवीस निबंध गेले: माझे नाव अमुक. मी सहावीत शिकते. माझा छंद वाचन आहे. (त्या मुलीला वाचनाचा कंटाळा आहे. तिचा छंद खेकडे पकडणं.) बीडहूनही तसेच सत्तावीस निबंध आले. मुलांनी ते वाचले आणि नीट घडी घालून दप्तरात ठेवले. कोणी हसलं नाही, कोणी कोणाला दाखवलं नाही.

दुसऱ्या खेपेला पेन्सिल बाजूला ठेवली आणि दोनच गोष्टी मागितल्या. शाळेच्या दारात उभं राहिल्यावर काय दिसतं ते लिहा, आणि तुम्हाला खरंच उत्तर हवंय असे तीन प्रश्न विचारा. घरी बोलता तसं लिहिलं तरी चालेल. मग गाडी सुटली.

"तुमी रोज मासे खाता तर काटे कुठं टाकता?" असा प्रश्न बीडहून आला. उत्तर एका शब्दात गेलं, "मांजराक." दुसऱ्या पत्रात होतं, "समुद्राचं पाणी खरंच खारट असतं का? आमच्या बोअरचं बी खारटच हाय, पण आमी पितो." हे वाचून आमचा सातवीतला मुलगा बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने विहिरीबद्दल पान भरून लिहिलं.

मुलांना सगळ्यात आवडला तो ताजा कलम. 'ता. क.' म्हणजे काय हे सांगितल्यापासून प्रत्येक पत्राला तीन-तीन ता. क. असायचे, आणि खरी बातमी नेमकी तिथेच. "ता. क. आमची म्हैस व्याली."

टपालाची व्यवस्था

पोस्टकार्ड पन्नास पैशांचं, सगळ्यात स्वस्त, पण उघडं. वाटेत कोणीही वाचावं. म्हणून पहिल्या दोन खेपांना सगळी पत्रं एकाच मोठ्या पाकिटात घातली. पहिल्या वीस ग्रॅमला पाच रुपये आणि पुढच्या प्रत्येक वीस ग्रॅमला आणखी पाच, त्यामुळे सव्वाशे ग्रॅमच्या आत तीस-पस्तीस रुपयांत काम झालं. यादीशी पत्रं ताडून पाहणंही सोपं.

पण मुलांना मजा येईना. तिकीट नाही, शिक्का नाही, पेटीत टाकणं नाही, बाईंनी नेलं आणि बाईंनी आणलं. म्हणून तिसऱ्या खेपेपासून अंतर्देशीय पत्रं घेतली, अडीच रुपयाला एक. गावच्या शाखा डाकघरात चोवीस नव्हतीच, डाकसेवक काकांनी मागवून घेतली. पत्ता मुलांनी लिहिला. पिनकोड का लिहायचा हे विचारल्यावर एक तास त्यातच गेला. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड सुरू झाला आणि तो घडवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मूळ कोकणातले, हे ऐकून वर्गाला आपलाच कोणी चुलता पोस्टात असल्यासारखा अभिमान वाटला. आमचा पिन ४१६ ने सुरू होतो, त्यांचा ४३१ ने. पहिला आकडा, चार, दोघांचा सारखा, म्हणजे आपण एकाच विभागातले, हे एकीने शोधून काढलं.

अंतर्देशीय पत्रात काही घालायचं नसतं. फेब्रुवारीत सुरंगी फुलली तेव्हा हे सांगून काही उपयोग झाला नाही. तीन पत्रांत सुकवलेली सुरंगी गेली. त्यातलं एक फुगीर पत्र तिकडे नॉटपेड, म्हणजे कमी टपालाचं ठरलं आणि माझ्या मित्राने दुप्पट पैसे भरून सोडवलं. वास होता अजून, असं म्हणाला.

पहिला पेच: जास्वंद

सात नंबरची जोडी दोन मुलांची होती. तिसऱ्या खेपेला आमच्या मुलाने पत्राच्या तळाशी जास्वंद काढली. सुंदर काढली होती. मी पत्र बाजूला ठेवलं आणि पुन्हा उचललं. जास्वंदीला पाकळ्या पाच. परड्यात (घरामागच्या परसात) जास्वंदीची रांग असलेल्या मुलाने दहा काढाव्यात? पाकळ्यांच्या शिरा नीट पाहिल्या तर प्रत्येक पाकळीत एक आकडा. त्याच्या बाबांचा मोबाईल नंबर.

पत्र रोखावं, नियम मोडला म्हणून त्याला उपक्रमातून काढावं, की फक्त पाकळ्या खोडून पाठवावं? आधी त्यालाच विचारलं. दोघांना मिळून मोबाईलवर गेम खेळायचा होता. मग हळूच म्हणाला, "त्याचो नंबर माझ्याकडे आसा." आधीच्या पत्रात बीडच्या मुलाने एक 'गणिताचं कोडं' घातलं होतं, लांबलचक गुणाकार. मी ते वाचलं होतं. कोड्याचं उत्तर दहा अंकी होतं. उत्तर काढून बघायचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

तोवर मला वाटत होतं की मी वाचतेय म्हणजे सगळं सुरक्षित आहे. ते तसं नव्हतं. मुलांनी मनावर घेतलं तर ती माझ्यापेक्षा हुशार असतात. आमची खरी भिंत दुसरीच होती. पलीकडे खरोखर अकरा वर्षांचा मुलगाच होता, आणि त्याला रोज बघणारा शिक्षक माझ्या ओळखीचा होता. नंबर गेला असता तरी तो त्या मुलाच्या घरी गेला असता. जूनमधल्या 'दादा'च्या बाबतीत ही खात्री कुठेच नव्हती.

मुलाला काढलं नाही. दोन्हीकडच्या पालकांना कळवलं. त्याने पत्र पुन्हा लिहिलं, जास्वंद पाच पाकळ्यांची. आणि बोलायची हौस आहेच तर महिन्यातून एकदा दोन्ही वर्गांनी आमच्या फोनवर, स्पीकर लावून बोलायचं ठरलं. पहिला फोन फसला. इकडून "कसो आसस?", तिकडून "बरा." मग दोन्हीकडे शांतता. महिनाभर पानंच्या पानं लिहिणारी मुलं एकमेकांना ढोसत लाजून उभी. त्यानंतरची पत्रं वर्षातली सगळ्यात लांब होती. त्यांत पहिली तक्रार एकच: तू बोलला का नाहीस?

दुसरा पेच: दिवाळीनंतर

ऊसतोड सुरू झाली. सत्तावीसपैकी नऊ मुलांचे आईवडील कोयता घेऊन कारखान्याला निघाले. चार मुलं हंगामी वसतिगृहामुळे गावात राहिली, पाच आईबापांबरोबर गेली. टोळी आज या फडात, आठवड्याने दुसऱ्या. कोपीला, म्हणजे त्यांच्या तात्पुरत्या झोपडीला, पत्ता नसतो.

आमच्याकडच्या पाच मुलांना उत्तर आलं नाही. अकरा नंबरच्या जोडीतली आमची मुलगी रोज डाकसेवक काकांना विचारायची. तिसऱ्या आठवड्यात तिने विचारणं थांबवलं. मला वाटलं, विसरली. तिच्या वहीच्या मागच्या पानावर मात्र लिहिलं होतं, "तिने कट्टी केली." मित्राने मला जूनमध्येच सांगितलेलं मी मुलांना सांगितलं नव्हतं. ऊसतोडीची गोष्ट मुलांना जड जाईल असं वाटलं होतं. एका मुलीने चार आठवडे स्वतःला दोष दिला, तेवढं जड ती गोष्ट नक्कीच नव्हती.

आता करायचं काय? या पाच जणांना नवे मित्र जोडून द्यावेत, असं मुख्याध्यापक म्हणाले. व्यवहाराने बरोबर. पण ती पाच मुलं मार्च-एप्रिलमध्ये परततील तेव्हा त्यांची जागा दुसऱ्याला दिलेली असेल. टोळीबरोबरच्या कोणाच्या तरी मोबाईलवर पत्राचे फोटो पाठवावेत, असंही निघालं. फोन मुकादमाचा, म्हणजे पत्र मुकादमाच्या हातात. ते लगेच सोडलं.

शेवटी मुलांनाच विचारलं. सगळं सांगितलं, नकाशावर बीड दाखवलं, कारखान्यांचा पट्टा दाखवला. अकरा नंबरवाली म्हणाली, "मी लिहिन. ती इली की वाचीत." ठरलं. बीडच्या शाळेच्या कपाटात एक बिस्किटांचा डबा ठेवला. पाच जणांसाठी आलेली पत्रं मित्राने त्यात जपायची, फोडायची नाहीत. (ती आधी मी वाचलेली असल्यामुळे फोडायची गरजही नव्हती.) दोघांनी मात्र लिहिणं सोडलं. त्यांच्यावर जबरदस्ती केली नाही.

काय झालं

सहा खेपा ठरल्या होत्या, चार नीट झाल्या. चोवीसपैकी अठरा-एकोणीस जोड्या वर्षभर टिकल्या. दोन जोड्या भांडल्या, त्यातली एक क्रिकेटवरून. एका मुलाने दोन पत्रांनंतर सांगितलं की त्याला लिहायला आवडत नाही, चित्र पाठवलं तर चालेल का. चाललं.

जूनमधल्या त्या मुलीला पाच नंबरची जोडी मिळाली. तिच्या बाबांनी पहिलं पत्र आधी स्वतः वाचलं. दुसऱ्यापासून वाचायचं सोडून दिलं.

एप्रिलमध्ये पाचपैकी चार मुलं शाळेत परत आली. पाचव्याचं कुटुंब दुसऱ्या गावी राहिलं. त्याच्या नावचं पत्र अजून डब्यात आहे.

पुन्हा करायचं तर

जूनमधला तो ध्वनिसंदेश मुलीच्या बाबांनी माझ्यासमोरच पुसला आणि नंबर ब्लॉक केला. मी "बरं केलं" म्हटलं. ते चुकलं. संदेश आणि नंबर जपून राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार पोर्टलवर तक्रार करायला हवी होती. तिथे महिला आणि मुलांविषयीच्या तक्रारींचा वेगळा विभाग आहे. तो तक्ता उघडा होता, म्हणजे त्यातल्या इतर मुलींनाही फोन गेला असणार. ग्रुपवर मी 'ती लिंक भरू नका' एवढंच लिहिलं. फॉर्म बनवणाऱ्याला तक्ता बंद करायला लावायचं सुचलं ते आठ दिवसांनी.

पहिली खेप दुरुस्त केली नसती, तर एक महिना वाचला असता.

दिवाळीनंतर कोण जाणार, याची यादी मित्राकडे जुलैतच असते. ती मागून घ्यायला हवी होती. यंदा मागितली आहे, आणि जोड्या लावताना पलीकडे जाणारं मूल असेल तर इकडच्या मुलाला आधीच विचारतो, थांबशील का म्हणून. पहिली पत्रं गणपतीनंतर जातील. आधी पाठवायचा बेत होता, पण चतुर्थीच्या आठ दिवस आधी आमच्याकडे कोणी काही लिहीत नाही.

आणि अकरा नंबर. बीडची मुलगी परतली तेव्हा डब्यात तिची चार पत्रं होती. मित्राने ती एकदम हातात दिली. तिचं उत्तर मे महिन्यात, शाळेला सुट्टी लागल्यावर माझ्याकडे आलं. ते पोचवायला मी वाडीत गेले. मुलीने उंबऱ्यावर बसून वाचलं आणि मग मला दिलं, मी आधीच वाचलेलं असूनही. त्यात होतं: "तुझी चार पत्रं मी एका दिवशी नाही वाचली. रोज एक वाचलं. चौथं वाचायला दोन दिवस लावले. ता. क. मी कट्टी नव्हते."